वाजणारे बूट

दगड फोडणाऱ्या क्रशरची मोटर जळली आणि खाणीवर शांतता पसरली. ती इतकी नवी होती, की पहिले काही दिवस माणसं समोरासमोर उभी राहूनसुद्धा ओरडूनच बोलत होती. मग कोणीतरी कोणाला तरी म्हणालं, "अरे, बहिरा नाही मी," आणि सगळ्यांचे आवाज खाली आले. पत्र्याच्या खोल्यांमधली भांडणं शेजारी ऐकू जायला लागली. कोण घोरतं, कोण खोकतं, कोणाचं लेकरू कशाला रडतं, सगळं उघडं पडलं. यंत्राचा आवाज असा असतो, की असताना तो ऐकू येत नाही आणि नसताना आठवत नाही.

मोटर शहरात दुरुस्तीला गेली होती. मुकादम रोज सांगायचा, "उद्या येते." मोटर गेली तेव्हा सकाळी अंगावर घोंगडी लागत होती. आता दुपारी दगडाला हात लावला तर चटका बसत होता, आणि मुकादमाचा उद्या काही उजाडत नव्हता.

क्रशर बंद म्हणजे पगार बंद. मालकाने उपकार केल्यासारखं एक काम तेवढं ठेवलं होतं. हाताने खडी फोडायची आणि घमेल्यावर पैसे घ्यायचे. बायका ते आधीपासून करतच होत्या. आता पुरुषही हातोडी घेऊन त्यांच्या शेजारी बसले. पहिल्या दिवशी ते बायकांकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी ऊन समोरून आलं, तेव्हा निमूट वळले.

त्यांच्यात एक जबड्या होता. क्रशरचा जो लोखंडी जबडा दगड चावतो, त्याच्या तोंडावर उभं राहून पहारीने दगड आत ढकलायचे, हे त्याचं काम. त्यावरून नाव पडलं जबड्या. खरं तर त्याचा स्वतःचा जबडा जेवणापुरताच उघडायचा. बोलण्याच्या बाबतीत माणूस इतका काटकसरी, की बायकोला हाक मारायची तर नुसता खोकायचा.

त्याच्या घरात चौघं. तो, बायको, डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी आई आणि दोन वर्षांची व्हायला आलेली मुलगी. चालायला लागल्यापासून ही मुलगी एका जागी उभी राहिलेली कोणी पाहिली नव्हती. वस्तीने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं, आणि आईबापसुद्धा आता तेच म्हणत.

भिंगरीला दोरीने बांधत असत.

यात लपवण्यासारखं काही नव्हतं. खाणीच्या बाजूला लहान मूल मोकळं सोडायचं म्हणजे काय, हे वस्तीला माहीत होतं. एकीकडे खाणीचा तुटलेला कडा, खाली हिरवं पाणी; दुसरीकडे डंपरचा रस्ता. म्हणून कमरेला फडकं गुंडाळून वर दोरी आणि दोरीचं दुसरं टोक खोलीसमोरच्या खांबाला. भिंगरी दोरी पोहोचेल तिथपर्यंत धावायची, हिसका बसून पडायची, उठून परत धावायची. खांबाभोवती तिच्या पायांनी एक गोल रस्ता पडला होता. फडकं गुंडाळलेलं असूनही कमरेवर एक काळपट वळ उठला होता आणि घामाने तो चिघळायचा. रोज संध्याकाळी आई त्याला तेल लावायची. तेवढा वेळ भिंगरी तिचे केस ओढायची आणि आई ते ओढू द्यायची.

म्हातारीने एकदा म्हटलं होतं, "सोडत जा गं तिला माझ्याजवळ. मी बघते."

"कशानं बघता आई?"

प्रश्न साधाच होता, पण तोंडातून गेल्यावर भिंगरीच्या आईने जीभ चावली. म्हातारीला उजेड आणि सावली एवढंच काय ते दिसत होतं. "तेही खरंच," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. तेही ती बोटांनीच निवडायची.

वाजणारे बूट भिंगरीच्या आईला पहिल्यांदा ऐकू आले ते किराणा दुकानात. ती चहाची पुडी घ्यायला गेली होती. दुकानदाराचा नातू आत कुठेतरी हुंदडत होता आणि प्रत्येक पावलाला चूं, चूं आवाज येत होता. दुकानदाराची सून गल्ल्यावर बसली होती. तिने मान वर न करता आत हाक मारली, "मागच्या दाराला जाऊ नकोस रे!" आणि चूं चूं मागे फिरलं.

भिंगरीची आई पुडी हातात धरून उभीच राहिली.

"आणखी काय हवंय?" सुनेने विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं तो दाराकडे गेला ते?"

"वाजतात ना बूट. टाचेत शिट्टी असते. डोकं उठवतो मेला दिवसभर, पण जिवाला घोर नाही."

"कितीला मिळतात?"

सुनेने तिच्या हाताकडे पाहिलं. बोटांवर सायकलच्या ट्यूबची कापलेली कडी होती, हातोडी चुकली तर बोट वाचावं म्हणून घातलेली. काढायची राहून गेली होती. सुनेने किंमत सांगितली आणि वर म्हणाली, "स्वस्तात घेऊ नकोस हं, दोन दिवसांत मुके होतात."

त्या संध्याकाळी भिंगरीच्या आईने घरात विषय काढला. पुढच्या आठवड्यात भिंगरीला दोन वर्षं पूर्ण होत होती.

"वाढदिवस?" म्हातारी म्हणाली. "आपल्याकडे कधी कुणाचा केलाय? ह्याचा तर मला दिवससुद्धा आठवत नाही. ऊन होतं एवढं खरं."

जबड्या हसला. मग खोकला, म्हणजे त्याला बोलायचं होतं. "मी गाडी म्हणत होतो. प्लास्टिकची. दोरी बांधून ओढायची."

"दोरीच दिसते का तुम्हाला सगळीकडे?" बायको एकदम चिडली. तिला वाईट वाटलं, पण आता थांबायला वेळ नव्हता. तिने बुटांचं सांगितलं. वाजतात कसे, आत बसून कळतं कसं. "आई, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. मुकादम वळणावर असतो तेव्हा तुम्ही सांगता, आला म्हणून. बूट घातले की पोरगी तुम्हाला ऐकू येईल. कड्याकडे वळली की हाक मारायची. मी समोरच असते फोडायला. दोरी काढून टाकू."

म्हातारीचे हात तांदळात थांबले. मग म्हणाली, "माझ्यावर सोडशील?"

"सोडेन की."

"बघ हं. नंतर म्हणशील, आंधळीवर सोडली."

"मी नाही म्हणणार."

म्हातारीचा चेहरा असा उजळला, की जबड्याने तोंड फिरवलं. कित्येक दिवसांनी तिला कोणी काम दिलं होतं.

राहता राहिला पैसा. जे येत होतं ते तांदूळ आणि तेलातच जात होतं, त्यामुळे बूट आणायचे तर कशातून तरी काढायला हवे होते. जबड्याने तंबाखूची पुडी खिशातून काढून बायकोसमोर ठेवली. "ही शेवटची," तो म्हणाला. तिने साबण सोडला. खाणीवर तसाही कोण स्वच्छ होता? तरीही भागेना. तेव्हा म्हातारी फळीवर चाचपडत गेली आणि तिने डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आणून दिली. अर्धी संपलेली होती.

"ह्या महिन्याची नवी आणू नका. त्या थेंबांनी काय होतंय? नुसतं गार वाटतं."

"डॉक्टर म्हणाला होता, बंद करू नका. आहे तेही जाईल."

"जे आहे त्यात मला तुझं नाकही दिसत नाही. जाऊन जाऊन काय जाणार आहे?" म्हातारी हसत म्हणाली. "पोरीला माझ्याकडून बूट. वाढदिवसाला आजीनं काही द्यायला नको?"

कोणीच हो म्हटलं नाही. कोणी नाहीही म्हटलं नाही. बाटली पुन्हा फळीवर गेली आणि नवी आणायची नाही, असं न बोलता ठरलं.

त्या आठवड्यात नवराबायकोने दगडावर सगळा राग काढला. सकाळी गारव्याला बसायचे ते ऊन डोक्यावर येईपर्यंत. रबराची कडी घातलेल्या बोटांनी दगड धरायचा, हातोडी मारायची, तुकडे बाजूला सारायचे, पुढचा दगड. जबड्याला हे काम जमत नव्हतं. आयुष्यभर त्याने दगड यंत्राच्या तोंडात घातले होते. फोडणारं दुसरंच कोणीतरी होतं. त्याच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. बायको त्याच्या दुप्पट फोडायची आणि त्याच्या ढिगावर गुपचूप आपली दोन घमेली ओतायची, म्हणजे मोजताना मुकादम हसू नये.

मुकादम हसायचाच. एके दुपारी त्याने भिंगरीच्या आईचा ढीग पायाने विसकटला. "ही खडी आहे का? नारळ आहेत हे. पुन्हा फोड."

"सकाळी तर हीच चालली."

"सकाळी माझा चष्मा घरी राहिला होता." बाजूचे दोघंतिघं हसले. तिने खाली मान घालून ढीग पुन्हा ओढून घेतला. शेजारच्या काकूने, जिची जीभ वस्तीत सगळ्यांत तिखट होती, मुकादम गेल्यावर त्याच्या चालीची नक्कल केली, पण भिंगरीच्या आईला हसू आलं नाही. तिचं लक्ष खांबाकडे होतं. भिंगरी दोरी ताणून उभी होती आणि आईकडे दोन्ही हात पसरून ओरडत होती. तो ढीग पुन्हा फोडण्यात बाकीचा दिवस गेला.

आश्चर्य म्हणजे त्या दिवसांत ती सकाळ-संध्याकाळ मोटर लवकर येऊ दे असं मनात म्हणत होती. मोटर आली की नवऱ्याचा पगार सुरू, अंगठा सुटला, म्हातारीचे थेंब पुन्हा सुरू. एका हाताने ती बूट मागत होती आणि दुसऱ्या हाताने मशीन. दोन्ही एकदम मिळाली तर काय, हे तिच्या डोक्यात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही. वर्षानुवर्षं त्या गडगडाटात काढलेली माणसं, पण शांतता अशी अंगवळणी पडली होती, की जणू जग आधीपासून असंच होतं.

बाजार लांब होता. दोघं भिंगरीला खांद्यावर घेऊन चालत गेले. चपलांच्या दुकानात उभं राहताना जबड्याने आपले पाय पँटवर पुसले, उगाचच. दुकानदाराने चार जोड समोर टाकले. भिंगरीच्या आईने एकेक बूट कानाशी नेऊन टाच दाबून पाहिली.

"बाई, बूट आहेत ते. टरबूज निवडल्यासारखं काय करताय?"

"सगळ्यात मोठा आवाज कशाचा?"

दुकानदार पाहतच राहिला. "लोक येऊन विचारतात, कमी वाजणारा आहे का. घरात कटकट नको म्हणतात."

"मला मोठा पाहिजे."

त्याने माळ्यावरून एक खोकं काढलं. लाल बूट, वर पांढरा पट्टा. टाच दाबली तेव्हा रस्त्यावरचं कुत्रं वळून पाहायला लागलं. "हा कुणी घेईना म्हणून वर टाकला होता," तो म्हणाला. भिंगरीच्या आईने लगेच धरून ठेवला. मग माप. जबड्या खोकला. "एक बोट मोठा घे. पुढच्या वर्षीपण होईल." पुढे बोळा घालून बूट बसवला. भावात थोडी घासाघीस झाली, दुकानदाराने थोडं सोडलं, आणि परतीच्या चहाचे पैसेही त्यातच गेले. तहान घेऊनच दोघं निघाले. पण वाटेवर जबड्या खिशात हात घालून अधूनमधून एक बूट दाबायचा. चूं. बायको हसायची. भिंगरी खांद्यावरून खाली वाकून खिशात पाहायची.

वाढदिवसाच्या सकाळी आईने भिंगरीच्या पायांत बूट घातले, तिला उभं केलं आणि कमरेचं फडकं सोडलं. भिंगरीने एक पाऊल टाकलं. चूं. ती थांबली. खाली पाहिलं, मागे पाहिलं, जणू मागून कोणी बोललं. दुसरं पाऊल. चूं. मग जी सुटली ती खांबाभोवती सवयीने दोन फेरे मारून तिसऱ्या फेऱ्याला त्या गोल रस्त्याच्या बाहेर पडली. बाहेर पडल्यावर हिसका बसेल म्हणून तिने डोळे मिटून घेतले होते. हिसका बसला नाही. तिने डोळे उघडले.

हे पाहताना भिंगरीच्या आईला रडू आलं. तिने ते लपवलं नाही.

म्हातारी दारात पाट टाकून बसली. कानात प्राण आणून ऐकणं म्हणजे काय ते त्या दिवशी वस्तीने पाहिलं. "ए भिंगरे, कडा आहे तिकडं, फीर मागं!" आणि भिंगरी फिरायची. "काकूच्या दारात गेली गं, मडकं सांभाळा!" आणि काकू धावायची. "मातीत बसलीय, उठव कुणीतरी," कारण आवाज थांबला. समोर हातोड्या ठकठकत होत्या, त्यातूनही म्हातारीला ते चूं चूं बरोबर वेगळं ऐकू यायचं. काकू म्हणाली, "म्हातारे, तुला तर मुकादमाच्या जागी ठेवायला पाहिजे." म्हातारी दिवसभर हसत होती. पाणी प्यायलासुद्धा उठली नाही.

तीन-चार दिवस असे गेले. कमरेवरच्या वळाला खपली धरली.

मग मोटर आली. ट्रकमधून उतरवताना माणसांनी तिला हात लावून पाहिला, काकूने तर तिचा पत्रा थोपटला. जबड्याने पहारीला तेल लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाने खटका दाबला आणि क्रशर सुरू झाला.

जमीन थरथरली. पत्रे वाजायला लागले. जबड्याने पहिला दगड ढकलला तेव्हा माणसं ओरडली, आणि ओरडताना त्यांची तोंडं नुसती उघडलेली दिसली. धूळ उठली. सगळी आपापल्या जागी गेली आणि जुन्या सवयीने हातांनी बोलायला लागली. खाणीवर हातांची एक बोली होती. मूठ वर केली की थांब, पंजा हलवला की सोड, डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली की माणूस अडकलाय, मशीन बंद कर. ही शेवटची खूण कोणी गमतीत करत नसे.

भिंगरीच्या आईला क्रशरच्या पट्ट्याखाली पडणारी खडी ओढायचं काम मिळालं. सकाळी तिने भिंगरीला बूट घातले, म्हातारीला म्हटलं, "आई, लक्ष ठेवा," आणि घाईत निघाली. मशीन सुरू होऊन थोडा वेळ गेला. तिने दोन घमेली ओतली, तिसरं डोक्यावर घेतलं आणि सहज घराकडे पाहिलं.

म्हातारी दारात उभी होती. एक हात कानामागे, दुसरा हवेत. मान इकडून तिकडे वळत होती. तोंड हलत होतं. ती हाक मारत होती.

तिने घमेलं टाकलं. खांबाजवळ कोणी नव्हतं. कड्याकडे पाहिलं, नव्हतं. मग धुळीतून तिला लाल दिसलं. रस्त्यावर भिंगरी उकिडवी बसून काहीतरी वेचत होती, आणि तिच्याकडे पाठ करून भरलेला डंपर मागे येत होता.

ती ओरडली. स्वतःलाच ऐकू आलं नाही. अंतर असं होतं, की धावून पोहोचणं शक्य नव्हतं. तरी ती धावली, आणि धावता धावता वर नवऱ्याकडे वळून तिने डोक्यावर हातांची फुली केली.

जबड्याने पाहिलं. कोण अडकलं, कुठे, काही विचारायची सोय नव्हती. त्याने पहार टाकली आणि लाल बटणावर हात आपटला.

तोंडात दगड भरलेला असताना क्रशर असा बंद करायचा नसतो. जबडा दगडावर अडकला, चाकाने एक कळवळता आवाज काढला आणि सगळं थांबलं. एवढी शांतता एकदम झाली, की डंपरवाल्याने दचकून ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि काय झालं ते बघायला मान बाहेर काढली.

त्या शांततेत चाकामागून आवाज आला. चूं. चूं. चूं.

भिंगरी उठून आईकडे चालत येत होती. मुठीत एक गुळगुळीत दगड होता.

पुढचं सगळं हळूहळू झालं. डंपरवाला खाली उतरला, त्याने चाक पाहिलं, पोरगी पाहिली आणि चाकालाच टेकून बसला. मुकादम आला. पोरगी जिवंत आहे हे पाहिल्यावर त्याला ओरडायला मोकळीक मिळाली.

"पोरगी बांधून ठेवता येत नाही का तुम्हाला? आज पहिला दिवस! जबडा चोंदला, आता कोण उपसणार? तुझा बाप?"

उपसलं सगळ्यांनीच. अडकलेला क्रशर रिकामा केल्याशिवाय फिरत नाही. माणसं जबड्यात उतरली, पहारींनी दगड सैल करून एकेक हाताने वर दिला. दुपार टळून गेली. घमेल्याचे पैसे कोणालाच मिळाले नाहीत, आणि जबड्याचा पगार मुकादमाने त्या दिवसापुरता कापला. काकूसुद्धा बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. काय झालं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. ऐकूनच तिने जुळवलं होतं. सून आत आली तेव्हा ती म्हणाली, "मला ऐकू आलं नाही गं. मी सारखी हाका मारत होते. मला मशीनचा आवाज आठवलाच नाही."

"मलाही नाही आठवला, आई."

"आंधळीवर सोडलीस," म्हातारी म्हणाली.

सून भिंगरीच्या कमरेला फडकं गुंडाळत होती. खपली धरलेल्या वळावरच ते बसलं. भिंगरीने पोट आत घेतलं आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. कसं उभं राहायचं हे ती विसरली नव्हती.

पगाराच्या दिवशी जबड्या बाजारातून एक पुडकं घेऊन आला आणि त्याने ते बायकोसमोर ठेवलं. तिने सोडलं. आत सुती दोरी होती. जाड, मऊ, पांढरी, आणि जुनीच्या दुप्पट लांब.

"ही काचत नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा खोकला. "वाढदिवसाला माझं काही द्यायचं राहिलं होतं."

बायकोने दोरी गालाला लावून पाहिली. मग तोंडावर धरली आणि तशीच बसून राहिली. तो बाहेर गेला.

थेंब त्या पगारातही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोरी बांधताना म्हातारीने हात पुढे केला. "खांबाला नको. इथं बांध." तिने मनगट दाखवलं. "ऐकू नाही आलं तरी ओढ तर कळेल." सुनेने जरा विचार केला आणि दोरीचं टोक तिच्या मनगटाला बांधलं. क्रशर सुरू झाला. गडगडाटात म्हातारी दारात पाटावर बसली आणि भिंगरी दोरीच्या टोकाशी धावत राहिली. दोरी ताणली की म्हातारीचा हात पुढे जायचा, सैल झाली की मांडीवर पडायचा. भिंगरी पाय आपटायची. बूट वाजत असतील किंवा नसतील, सांगता येत नव्हतं.

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीला मशीन थांबलं. भिंगरीची आई घमेलं उपडं करून घराकडे आली. कान अजून गुंगत होते. भिंगरी अंगणात दोरी ताणून उड्या मारत होती. दोन्ही पाय एकदम उचलायची आणि टाचांवर आपटायची, पुन्हा उचलायची. लाल रंग धुळीने राखाडी झाला होता. टाचेतल्या शिट्टीच्या भोकात दगडाची भुकटी घट्ट बसली होती. आवाज येत नव्हता.

म्हातारीने मान वर केली. बराच वेळ कान देऊन ऐकलं.

"पोरीचा आवाज नाही गं," ती म्हणाली. "झोपली का?"

भिंगरीच्या आईने मुलीकडे पाहिलं, मग फळीवरच्या रिकाम्या बाटलीकडे.

"हो आई," ती म्हणाली. "झोपली."

दोरीला हिसका बसला. म्हातारीचा हात मांडीवरून उचलला गेला, हवेत जरासा पुढे गेला आणि परत खाली आला. तिने दुसऱ्या हाताने ते मनगट धरून ठेवलं.

"झोपू दे," म्हातारी म्हणाली.